बायपास येण्याआधी कागद येतो

संध्याकाळी सहानंतर नाशिकच्या द्वारका चौकातून सारडा सर्कलकडे जायचं म्हटलं की माणूस आधी घड्याळ बघतो. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता इथे एकमेकांना भेटतात. 2013 मध्ये उड्डाणपूल झाला, लांब पल्ल्याची वाहनं वरून जाऊ लागली, पण खालची कोंडी काही सुटली नाही. भद्रकाली, कथडा, वडाळा नाका भागातल्या घरांना ती रोजचीच झाली आहे. दवाखान्यात पोहोचायला उशीर, शाळेच्या रिक्षाला उशीर, कधी कधी जनाज्यालाही उशीर.

आता 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी नाशिकभोवती मोठा बाह्य वळणरस्ता ठरला आहे. लांबी सुमारे 66 किलोमीटर, खर्च जमिनीसह जवळपास 8 हजार कोटी रुपये, काम महाराष्ट्र राज्य पायाभूत सुविधा विकास महामंडळाकडे. शहराबाहेरून जाणारी वाहनं बाहेरच वळवायची, असा हिशेब आहे. सिंहस्थाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आणि पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला आहे, म्हणजे सरकारला घाई आहे. निमित्त कुंभमेळ्याचं असलं तरी रस्ता सगळ्यांचा असतो. 2015 च्या कुंभासाठी झालेले रिंगरोड आज आपणही वापरतो. त्यामुळे रस्ता हवा की नको, हा आपल्यासमोरचा प्रश्न नाही. रस्ता होताना आपण कुठे असतो, हा प्रश्न आहे.

याचं खरं उत्तर कडू आहे. बहुतेक वेळा आपण मशीन आल्यावर पोहोचतो. बायपास मात्र मशीनच्या किती तरी आधी कागदावर येतो. ज्याचं नाव त्या कागदावर असतं, त्याला मोबदला मिळतो. ज्याचं नाव नसतं, तो रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत बसतो.

रस्त्यानेच वसवलेली गावं

आपल्या भागातल्या मुस्लिम वस्त्यांचा आणि आग्रा रस्त्याचा जुना संबंध आहे. 1857 च्या उठावानंतर आणि पुढच्या दुष्काळांत आजच्या उत्तर प्रदेशातले मोमीन-अन्सारी विणकर दक्षिणेकडे उतरले. बुऱ्हाणपूर, धुळे, मालेगाव, भिवंडी अशी त्यांची वस्ती होत गेली. मालेगावचा यंत्रमाग आजही रस्त्यावरच चालतो. सूत येतं ते ट्रकने, कोरं कापड जातं तेही ट्रकने. चालक, क्लीनर, हमाल, ट्रान्सपोर्टचे मुनीम, गॅरेजवाले, टायर-पंक्चरवाले, बॅटरीवाले, चहाच्या टपऱ्या, ढाबे. आपल्या किती तरी घरांची चूल या रस्त्यावर पेटते.

भिवंडी आणि मालेगाव, दोन्ही गावांतून जुना आग्रा रोड जातो आणि दोन्ही गावांना आज बाहेरून जाणारा महामार्ग आहे. भिवंडीत माणकोली ते वडपे या बाहेरच्या पट्ट्यात गोदामांचं एक नवं शहरच उभं राहिलं. धंदा मेला नाही, तो बाहेर सरकला. ज्याच्याकडे तिथे जमीन होती त्याला भाडं सुरू झालं. ज्याच्याकडे नव्हती, तो त्याच गोदामात हमाली करायला जाऊ लागला. मालेगावात महामार्ग गावाबाहेर गेला तेव्हा मनमाड चौफुली आणि चाळीसगाव फाट्याला नवं महत्त्व आलं. गावातला आग्रा रोड उरला तो गावाच्या वाहतुकीपुरता.

बायपासचा फायदा खोटा नाही. अवजड वाहन गावातून जाणं म्हणजे शाळेच्या पोरांच्या अंगावरून मरण जाणं. 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे नाशिकमध्येच छत्रपती संभाजीनगर रोडवरच्या मिरची हॉटेल चौकात खासगी बस आणि ट्रेलरची धडक झाली, बसने पेट घेतला आणि 12 जणांचा जीव गेला. लांब पल्ल्याची बस आणि अवजड वाहनं शहरातल्या चौकात एकमेकांसमोर येतात तेव्हा काय होतं, हे नाशिकला सांगावं लागत नाही.

जमीन गेली तर मोबदला, गिऱ्हाईक गेलं तर?

पण बायपास दोन गोष्टी घेतो. एक जमीन आणि दुसरं गिऱ्हाईक. कायदा जमिनीची किंमत करतो, गिऱ्हाइकाची करत नाही.

जमीन गेली तर 2013 चा भूसंपादन कायदा आहे. बाजारभाव काढायचा, ग्रामीण भागात त्याला 1 ते 2 मधल्या गुणकाने गुणायचं, त्यात झाडं, विहीर, बांधकाम यांची किंमत मिळवायची आणि तेवढीच रक्कम दिलासा म्हणून वर द्यायची. 2015 पासून मोबदल्याच्या या तरतुदी राष्ट्रीय महामार्गांनाही लागू आहेत. समृद्धी महामार्गासाठी राज्याने थेट खरेदीचा मार्ग वापरला आणि भाव बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत गेला. सिन्नर तालुक्यात शिवड्याच्या शेतकऱ्यांनी सुरुवातीला कडाडून विरोध केला होता, हे अनेकांना आठवत असेल. त्या विरोधामुळेच सरकारला बोलणी करावी लागली.

आता जुन्या रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याचं बघा. त्याचं दुकान जागेवरच आहे, एक वीटही हललेली नाही. फक्त रस्त्यावरचे ट्रक गेले. त्याच्यासाठी कायद्यात काहीच नाही. ज्या क्षेत्राची जमीन घेतली जाते तिथल्या छोट्या धंदेवाल्याला, कारागिराला आणि तिथे तीन वर्षं पोट भरणाऱ्या भूमिहीन कुटुंबाला 2013 च्या कायद्याने ‘बाधित कुटुंब’ मानलं आहे. पण ज्या रस्त्यावरची वाहनं वळवली, त्या रस्त्यावरचा माणूस कायद्याच्या नजरेत बाधितच नाही.

समृद्धीने हे आणखी स्पष्ट केलं. 701 किलोमीटरचा हा रस्ता 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा खुला झाल्यावर पूर्ण झाला. जवळपास 8 किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टाळता येतो. छान झालं. पण या रस्त्यावर मनाला येईल तिथे गाडी थांबत नाही, ठरलेल्या इंटरचेंजवरच आत-बाहेर जाता येतं. मोटारसायकल आणि रिक्षाला तर बंदीच आहे. म्हणजे समृद्धीवर गेलेला ट्रक घोटी-इगतपुरीच्या ढाब्यावर चहाला थांबणार नाही आणि ढाब्यावर काम करणाऱ्या पोराची मोटारसायकल समृद्धीवर चढणार नाही.

त्यामुळे जुन्या रस्त्यावर धंदा असलेल्यांनी वेळ असतानाच विचार करायला हवा. गॅरेज फक्त ट्रकवर चालत असेल तर गावातली छोटी वाहनं, रिक्षा, शेतीची अवजारं यांच्या कामाकडे कधी वळायचं? दुकान भाड्याचं असेल तर पुढचा करार लांब मुदतीचा करायचा की छोटा? नव्या रस्त्याच्या चौफुलीजवळ चार जणांनी मिळून भाड्याने जागा घ्यायची का? हे प्रश्न रस्ता सुरू झाल्यावर विचारले तर उत्तरं महाग पडतात.

आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय महामार्गाचा बायपास झाला की गावातला जुना तुकडा साधारणपणे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे किंवा पालिकेकडे जातो. पालिकेची झोळी लहान असते. मग खड्डे, बंद दिवे, तुंबलेली गटारं. हा तुकडा ताब्यात देण्याआधी एकदा नीट दुरुस्त करून द्यावा, अशी मागणी नगरसेवकाने वेळेत करायची असते. ताबा दिल्यावर ती मागणी नुसती तक्रार उरते.

एकवीस दिवस

राष्ट्रीय महामार्ग असेल तर जमीन 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने घेतली जाते. राज्याचा रस्ता असेल तर 1955 चा महाराष्ट्र महामार्ग कायदा, 2013 चा कायदा किंवा थेट खरेदी, यांपैकी जो मार्ग ठरेल तो. आपल्या गटाला कोणता कायदा लावला आहे, हा प्रांत कार्यालयात विचारायचा पहिला प्रश्न.

राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात क्रम असा आहे. आधी ‘3 अ’ची अधिसूचना निघते. तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. ती निघाल्यापासून 21 दिवसांत लेखी हरकत घेता येते. मग ‘3 ड’ची अधिसूचना निघते आणि ती निघाली की जमीन सरकारची होते. पैसे नंतर ठरतात. रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे जाता येतं, पण जमीन परत येत नाही.

म्हणजे सगळा खेळ त्या 21 दिवसांचा. आणि इथेच आपल्या समाजाची एक खास अडचण आहे. मालेगावसारख्या गावात किती तरी घरांत उर्दू वर्तमानपत्र येतं आणि नोटीस मराठीत छापलेली असते. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत गट नंबरांची रांग असते, तिच्याकडे कोण बघतो? ही बातमी वाचणारी आपली घरं मराठी वाचणारी आहेत. आपल्या मोहल्ल्यासाठी ती नोटीस वाचणं आणि शेजाऱ्याला जाऊन सांगणं, ही आपली जबाबदारी आहे.

नंतर येते संयुक्त मोजणी. भूमी अभिलेख, महसूल आणि रस्त्याचे अधिकारी शेतावर येतात. विहीर, बोअर, पाइपलाइन, झाडं, शेड, घर यांची नोंद तेव्हाच होते. त्या दिवशी मालक हजर नसेल तर चाळीस झाडांची पंचवीस व्हायला वेळ लागत नाही. मोजणीला हजर राहा, फोटो काढा, पंचनाम्याची प्रत मागा आणि चूक असेल तर त्याच आठवड्यात लेखी द्या.

सातबाऱ्यावर कोणाचं नाव?

मोबदला मिळतो तो रेकॉर्डवरच्या नावाला. आणि आपल्याकडे रेकॉर्डचीच बोंब आहे.

पहिला घोळ वारस नोंदीचा. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, जमीन तीन काकांनी तोंडी वाटून घेतली, कसतातही व्यवस्थित, पण सातबाऱ्यावर अजून आजोबाच. जमिनीत हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावं, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता सांगते. नोंद केली नाही तर हक्क बुडत नाही, पण मोबदल्याची वेळ आली की सगळे वारस, सगळे मृत्यूचे दाखले, सगळ्यांच्या सह्या एकदम लागतात. एक चुलतभाऊ दुबईत, एका आत्याचा पत्ता नाही, मग पैसे दिवाणी न्यायालयात जमा होतात आणि खटला सुरू.

दुसरा घोळ नोटरीवरच्या प्लॉटचा, आणि तो जास्त धोक्याचा. शहरात घर परवडत नाही म्हणून शेकडो मेहनती कुटुंबांनी शहराच्या कडेला गुंठा-दीड गुंठा जागा घेतली. स्टँपपेपरवर करार, नोटरीचा शिक्का, पैसे रोख. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे खरेदीखत झालंच नाही. सातबाऱ्यावर मूळ शेतमालक तसाच आहे. उद्या त्या गटातून बायपास गेला तर नोटीस मूळ मालकाला येणार आणि जमिनीचा चेकही त्याच्याच नावाने निघण्याची भीती. ज्याने आयुष्याची कमाई घालून दोन खोल्या बांधल्या, त्याच्या हातात फार तर बांधकामाचे पैसे येतील, तेही मोजणीत त्याचं नाव लागलं तर.

गुंठेवारी विकास कायदा 2001 चा आहे. पुढे त्यात दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची वाट मिळाली. तुकडेबंदीतही सरकारने अलीकडे सवलती दिल्या आहेत. ज्यांचे कागद कच्चे आहेत त्यांनी या दोन्ही गोष्टींची चौकशी आत्ताच करावी. आणि आज कोणी ‘रिंगरोड टच प्लॉट’ म्हणून जागा दाखवत असेल तर बयाणा देण्याआधी चार गोष्टी बघा. सातबारा कोणाचा, बिनशेती झाली आहे का, गट भूसंपादनात आहे का, आणि जागा रस्त्यालगतच्या नियंत्रण रेषेच्या आत येते का. महामार्गाच्या कडेला ठराविक अंतरात बांधकामाला परवानगी मिळत नाही. एजंट हे सांगत नाही.

बहिणीचा हिस्सा

आता घरातलं बोलू. हे बोललेलं काहींना आवडणार नाही.

जमीन कसायची असते तोवर बहिणीच्या हिश्श्याचा विषय निघत नाही. ‘ती तिच्या घरी सुखी आहे’, एवढं म्हणून सगळे मोकळे होतात. बायपासची बातमी येते आणि अचानक बहिणीला जेवायला बोलावणं जातं. जेवण झाल्यावर हक्कसोडपत्र पुढे येतं. कशासाठी सही करतोय, रक्कम किती येणार आहे, हे तिला कोणी सांगत नाही.

कुरआनने वाटे ठरवून दिले आहेत, ते भावाच्या मर्जीवर ठेवलेले नाहीत. समजा वालिद वारले, मागे अम्मी, दोन मुलगे आणि एक मुलगी, दादा-दादी आधीच गेलेले, कर्जही नाही. मोबदला 40 लाख आला. अम्मीचा आठवा हिस्सा म्हणजे 5 लाख. उरलेले 35 लाख दोन मुलगे आणि एका मुलीत, मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे प्रत्येक मुलाला 14 लाख आणि मुलीला 7 लाख. हिशेब पाच मिनिटांचा आहे, मन मोठं करायला मात्र वर्षं लागतात.

बहिणीला सगळं माहीत असताना तिने राजीखुशीने सोडलं तर गोष्ट वेगळी. पण लपवून घेतलेली सही ही सही नव्हे. दीनमध्ये तर नाहीच, आणि फसवणूक सिद्ध झाली तर कोर्टातही टिकत नाही. शिवाय बहिणीने नंतर हरकत घेतली तर वाटणीचा वाद न्यायालयात जातो आणि सगळ्यांचेच पैसे अडकतात. म्हणजे तिचा हक्क देणं हे फर्जही आहे आणि व्यवहाराचंही आहे.

कब्रस्तान, मशीद, मदरसा

रस्ता सरळ जातो आणि वाटेत कधी कब्रस्तान येतं, कधी दर्ग्याची इनाम जमीन, कधी गावाच्या मंदिराची किंवा स्मशानाची जमीन. हा प्रश्न एकट्या एका समाजाचा नाही. पण वक्फच्या बाबतीत कायदा काय म्हणतो, हे आपल्याला माहीत असायला हवं. सार्वजनिक कामासाठी वक्फ जमीन संपादित होऊ शकते, मात्र वक्फ बोर्डाला नोटीस देऊन म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. मोबदला मुतवल्लीच्या खिशात जात नाही, तो वक्फचाच राहतो आणि वक्फच्या कामीच लागला पाहिजे.

अडचण पुन्हा कागदाची. जमिनीवर शंभर वर्षांच्या कबरी आहेत आणि सातबाऱ्यावर भलतंच नाव किंवा नुसतं ‘सरकार’. 2025 च्या दुरुस्ती कायद्यानंतर वक्फची माहिती ‘उमीद’ पोर्टलवर चढवणं आलं. आपल्या गावच्या कब्रस्तानची माहिती चढली का, क्षेत्र बरोबर आहे का, मोजणीचा नकाशा आहे का, हे ट्रस्टींना विचारायचा हक्क प्रत्येक नमाजीला आहे. छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीत वक्फ बोर्डाचं मुख्य कार्यालय आहे, तिथे वेळेवर गेलेला एक अर्ज ऐनवेळच्या हजाराच्या जमावापेक्षा जास्त काम करतो. जमाव जमला की पोरांवर केसेस होतात, जमीन वाचतेच असं नाही.

रस्ता ओलांडायचा कुठून?

शेवटचा मुद्दा छोटा वाटतो, पण जीव त्यातच जातात. बायपास झाला की गाव आणि शेत, वस्ती आणि शाळा, मोहल्ला आणि कब्रस्तान यांच्यामध्ये चार-सहा पदरी रस्ता येतो. भुयारी मार्ग दोन किलोमीटरवर असेल तर माणूस तिथवर चालत जात नाही, तो दुभाजकावरून उडी मारतो. आणि भुयारी मार्ग बांधला म्हणजे भागलं असंही नाही. द्वारका चौकातला पादचारी भुयारी मार्ग वर्षानुवर्षं वापराविना पडून राहिला, हे नाशिककरांनी पाहिलं आहे.

भुयारी मार्ग कुठे, सेवा रस्ता कुठपर्यंत, पावसाचं पाणी कुठे निघणार, हे आराखड्याच्या वेळी ठरतं. रस्ता झाल्यावर त्यासाठी आंदोलनं करावी लागतात आणि त्याआधी दोन-चार घरांत मातम झालेला असतो.

मग करायचं काय

फार मोठं काही नाही. घरातल्या प्रत्येक जमिनीचा ताजा सातबारा या महिन्यात काढा. वारस नोंद राहिली असेल तर आत्ता अर्ज करा, त्यात बहिणींची नावं घाला. नोटरीचे कागद चांगल्या वकिलाला दाखवा. मोहल्ल्यातल्या दोन शिकलेल्या मुलांना, आणि मुलींनाही, काम द्या की वर्तमानपत्रातल्या भूसंपादनाच्या नोटिसा बघायच्या आणि आपल्या शिवारातला गट नंबर दिसला की जुम्याच्या नमाजनंतर सांगायचं. ट्रस्टींनी कब्रस्तानची मोजणी करून घ्यावी. गॅरेज-ढाबेवाल्यांनी एकत्र बसून पुढच्या पाच वर्षांचा विचार करावा. आणि हे सगळं शेजारच्या मराठा, माळी, दलित, आदिवासी शेतकऱ्यांना सोबत घेऊन करावं, कारण गट नंबर जात-धर्म बघून येत नाही. शिवड्याला सरकार बोलायला आलं ते गाव एकत्र होतं म्हणून.

आपले बुजुर्ग चालत या रस्त्याने आले, तेव्हा त्यांच्याकडे ना सातबारा होता ना नोटरी. त्यांनी मेहनतीवर गावं उभी केली. ती मेहनत नव्या रस्त्याखाली जाऊ द्यायची नसेल तर कपाटातली ती जुनी फाइल आज रात्रीच खाली काढा.